मळका शब्द

आरोंदेकर बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या उभ्या उभ्या झोपल्या आहेत असं मला वाटलं. घाटकोपरच्या आमच्या हॉस्पिटलात मी वॉर्डातून कॅज्युअल्टीत नुकतीच बदलून आले होते. सकाळची वेळ. स्ट्रेचरवर एक माणूस कण्हत होता, त्याची बायको तोंडाला पदर लावून काहीबाही सांगत होती, ड्रेसिंगची ट्रॉली खडखडत चालली होती आणि या सगळ्याच्या मधोमध पांढरा कोट घातलेली एक ठेंगणी, सावळी बाई भिंतीला पाठ टेकून वर पंख्याकडे पाहत उभी होती. डोळे अर्धे मिटलेले. मी शेजारच्या सिस्टरला विचारलं, "या कोण गं?"

"डॉक्टर आहेत. समाधी लागलीय. उतरेल आत्ता."

उतरली. बाईंनी मान खाली केली आणि त्या बायकोला म्हणाल्या, "तू मघाशी कळ म्हणालीस. मग चमक म्हणालीस. तुझा नवरा स्वतः काय म्हणाला होता?"

ती गोंधळली. "ते... ते म्हनाले, छातीवर कोन बसलंय बघ."

"मग तेच सांगायचं की गं आधी," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, ईसीजी."

माझा स्वभाव पहिल्यापासून घाईचा. कांजूरमार्गच्या चाळीत भावंडांच्या गर्दीत वाढले. नळाला पाणी आहे तोवर सगळं उरकायचं, ही आमच्या घरची शिस्त. कॅज्युअल्टीत तर घाई हाच धर्म, असं मी धरून चालले होते. त्यामुळे ही पंख्याकडे बघत बसणारी डॉक्टरीण पाहून माझं डोकंच फिरलं. ही काय पेशंट बघणार, कपाळ, असं मनातल्या मनात म्हणाले. पुढे काही वर्षं त्यांच्याबरोबर काढली आणि माझ्या घाईला बाईंनी जेवढा लगाम घातला तेवढा माझ्या सासूलाही कधी जमला नाही.

बाईंचं नाव सुलभा. आडनावाप्रमाणे गाव आरोंदा, तिकडे खाली कोकणात, खाडीच्या काठी. वय पन्नाशीला टेकलेलं. लग्न केलं नव्हतं. मुलुंडला थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या आणि बसने यायच्या. बसमध्येही समाधी लागायचीच, मग थांबा मागे जायचा आणि पुढच्या थांब्यावरून बाई चालत मागे यायच्या. कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर मात्र कुठूनतरी छान हिंडून आल्याचं समाधान. कोटाच्या खिशात स्टेथोस्कोपखाली बकुळीची वाळलेली फुलं असायची. ऐकताना हाताला चाळा म्हणून त्या ती फुलं बोटांत फिरवत. चहा त्यांनी कधी गरम प्यायलेला मला आठवत नाही. कपावर साय धरली की मग त्यांना चहाची आठवण व्हायची आणि ती साय बोटाने बाजूला सारून त्या तो तसाच प्यायच्या. आम्ही दुसरा आणून देऊ म्हटलं तर म्हणायच्या, "कशाला गं, ह्यो काय वायट झालो?" थकल्या किंवा रागावल्या की बाईंच्या तोंडी मालवणी यायची. रागावणं क्वचित, थकणं रोजचं.

नातेवाइकांना मात्र त्यांची ही समाधी सहन व्हायची नाही. आपला माणूस मरणाच्या दारात आणि डॉक्टर पंखा बघतायत. दोनदा तर वरिष्ठांकडे तक्रार गेली. बाईंना बोलावणं आलं. परत आल्या तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले. तर म्हणाल्या, "लक्ष द्या म्हणाले. मी म्हटलं देते." आणि पुन्हा पंख्याकडे. खरं म्हणजे समोरच्याच्या तोंडाकडे पाहिलं की त्यांना त्याचा चेहरा ऐकू यायचा, शब्द ऐकू यायचे नाहीत. हे त्यांनीच मला एकदा सांगितलं. चेहरे सगळ्यांचे सारखे घाबरलेले असतात, शब्द वेगवेगळे असतात, असं त्यांचं म्हणणं.

बाईंचं जगाशी भांडण असेल तर ते एवढंच, शब्दांवरून. नवे हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, पेशंटचं ऐकून कागदावर इंग्रजीत उतरवायचे. पेशंट म्हणायचा, पाय माझा राहिलाच नाही. कागदावर यायचं, अशक्तपणा. पेशंट म्हणायचा, डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि जमीन वर आली. कागदावर यायचं, चक्कर. बाई कागद वाचायच्या आणि त्या पोराला हाक मारायच्या.

"असं म्हणाला का रे तो?"

"म्हणजे मॅडम, अर्थ तोच ना."

"अर्थ मी काढीन बाबा. तू शब्द धुवून आणू नको. मळका आहे तसा आण. सगळं मळातच असतं."

आम्ही सिस्टर मग अशा हाउसमनला आपसात धोबी म्हणायचो. एक धोबी पुढे मोठा सर्जन झाला. परवा भेटला तेव्हा म्हणाला, सिस्टर, अजून मी पेशंटला विचारतो, तुम्ही घरी काय म्हणालात ते सांगा. मला बरं वाटलं.

घाटकोपरला त्या काळी 'गॅस' हा शब्द फार चाले. पाठ दुखली, गॅस. झोप लागली नाही, गॅस. सुनेनं उलट उत्तर दिलं तरी सासूला गॅसच व्हायचा. हा शब्द ऐकला की आरोंदेकर बाईंची समाधी खाडकन उतरत असे. एक किराणा दुकानदार हातात सोड्याची बाटली घेऊन चालत आले होते. गॅस झालाय, इंजेक्शन द्या, दुकानावर कोणी नाही म्हणाले. बाईंनी विचारलं, "गॅस कुठून कुठं गेला, शेठ? बोटानं दाखवा." शेठनी बोट छातीवर ठेवलं, जबड्यापर्यंत नेलं आणि डाव्या दंडावरून करंगळीपर्यंत उतरवलं. "करंगळीत गॅस जात नाही हो," बाई म्हणाल्या आणि सोड्याची बाटली त्यांच्या हातून काढून घेतली. ते गृहस्थ वाचले. पुढे दर दिवाळीला आमच्याकडे पेढे यायचे आणि डब्यावर चिठ्ठी, 'गॅसवाल्या बाईंना'.

दुसरा त्यांचा शब्द 'आधी'. काय झालं असं त्या सहसा विचारायच्याच नाहीत. काय झालं ते मला दिसतंय, म्हणायच्या, आधी काय करत होती ते सांग. एकदा साकीनाक्याहून एका तरुण बाईला बेशुद्ध आणली. तोंडाला फेस. सासर म्हणे, काही नाही, अशीच पडली. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि आम्हाला भलतीच शंका आली होती. बाई पंख्याकडे बघत विचारत गेल्या. पडायच्या आधी? भांडी घासत होती. त्याच्या आधी? पोराला भरवलं. त्याच्या आधी? गाद्या उन्हात टाकल्या. गाद्या का टाकल्या? तेव्हा नणंद हळूच म्हणाली, ढेकूण झालेत म्हणून खाटेला औषध मारलं ना तिनं, दार लावून. बाईंनी खाली वाकून त्या पोरीच्या केसांचा वास घेतला, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि आम्हाला तिचं लुगडं आधी बदलायला लावलं. ते औषध लुगड्यातून अंगात मुरतच होतं. भलत्या शंकेने ज्यांच्याकडे आम्ही रागाने बघत होतो, त्या सासूला मग मीच चहा दिला.

आणि एक बुडबुड्याची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या वेळी सलाईनच्या काचेच्या बाटल्या असत. एका म्हातारीला सलाईन चालू होतं आणि नळीतून इवलासा बुडबुडा खाली सरकताना तिच्या मुलाला दिसला. त्याने जो गोंधळ घातला, विचारू नका. हवा गेली, आई गेली, सिस्टरनं मारलं. मी नळी चिमटीत धरून बुडबुडा टिचकीने वर पाठवला आणि त्याला चार शब्द सुनावणार, तेवढ्यात बाई आल्या. बाटली उजेडाकडे धरून त्या बराच वेळ बुडबुडे बघत राहिल्या. बाटलीत खिडकीचा हिरवा उजेड उतरला होता. मग त्या मुलाला म्हणाल्या, "शिरेत एवढासा गेला तरी काही होत नाही. ही निळी बाजू, अशुद्ध रक्ताची. बुडबुडा फुप्फुसात जातो, तिथं बारीक जाळी आहे, तिच्यात अडकतो आणि विरून जातो. भीती लाल बाजूची, शुद्ध रक्ताची. तिथं हवा शिरली तर वाटेत जाळी नाही. सरळ डोक्यात."

"लाल बाजूला कशी शिरेल?" त्याने विचारलं.

"सहसा नाही शिरत. पण शिरली तर ओळखू येत नाही, ही खरी भानगड. ती हवा कुठंही जाऊन बसते आणि पाहणाऱ्याला दुसरंच काही वाटतं." हे त्यांनी त्याला सांगितलं की स्वतःला, मला कळलं नाही. तो मुलगा गप्प झाला एवढंच मला पुरेसं होतं.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने ती सकाळ आली. दिवाळीच्या आधीचे दिवस, ऊन चांगलंच तापायला लागलेलं. बाईंना सडकून पडसं झालं होतं. नाक लाल, आवाज बसलेला, हातरुमालावर निलगिरीचे थेंब. मी म्हटलं घरी जा, तर म्हणाल्या, घरी बहीण काढा पाजते, इथंच बरी आहे.

बाहेर टेंपो थांबला आणि दोघातिघांनी एका पंचविशीतल्या तरुणाला उचलून आत आणलं. अंग ओलं, डोळे अर्धवट उघडे, तोंडाच्या कोपऱ्यात गुलाबी फेस. पुढे होता त्याचा थोरला भाऊ, ओल्या बनियनवर, अनवाणी. बुडला, बुडला, पोटातलं पानी काढा, असं तो एकसारखं म्हणत होता. त्याच वेळी आमचे फिजिशियन साहेब राउंड संपवून खाली आले होते. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, उजवा हात उचलून सोडला. हात लाकडासारखा खाली पडला. "बुडालेला आहे," ते म्हणाले. "मेंदूला हवा कमी पडलीय. ऑक्सिजन लावा, सलाईन लावा आणि वर वॉर्डात घ्या." त्यात वावगं काही नव्हतं. कोणीही हेच म्हटलं असतं.

आरोंदेकर बाईंनी त्याला सपाट निजवला, मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडायला सांगितलं आणि भावाला विचारलं, "नाव काय तुझं?"

"दत्तू. ह्यो सुभाष, माजा धाकटा."

"आधी काय करत होता?"

"पान्यात हुता की ओ."

"कशाला?"

मग दत्तूने सांगितलं. साकीनाक्याला दोघा भावांचं टायर-पंक्चरचं गॅरेज. गाव साताऱ्याकडे. लहानपणापासून विहिरीत बुड्या मारायची सवय, म्हणून विहिरीत पडलेल्या घागरी, पंप काढायची कामंही मिळत. चांदिवलीच्या बाजूला एका बंद खाणीत पावसाचं पाणी साठलं होतं आणि तिथल्या खडी मशीनचा पंप तळाशी गेला होता. पाणी चांगलं चार पुरुष खोल. एका श्वासात पंपाला दोर बांधणं होईना. म्हणून या वेळी त्यांनी गॅरेजचा हवा भरायचा कॉम्प्रेसर टेंपोत घालून नेला आणि त्याची नळी सुभाषच्या तोंडात दिली. असं ते पहिल्यांदाच करत होते.

"मग वर कसा आला?"

"सावकाश आला. मी आदीच सांगून ठेवलं हुतं ना त्याला. खाली गेल्यावर आयकू येत न्हाई, म्हनून आदीच. म्हनलं सुभाष, वर येताना दम धर. घाई करू नगो. दम धर."

मला यात काहीच वेगळं ऐकू आलं नाही. दम धर कोण म्हणत नाही? भात उतरायच्या आधी ताटावर येऊन बसलेल्या माझ्या भावाला आई रोज हेच म्हणायची. फिजिशियन साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बाई पंख्याकडे पाहत होत्या. बोटांतलं बकुळीचं फूल फिरायचं थांबलं.

"तू म्हणालास दम धर," बाई हळूच म्हणाल्या. "त्यानं काय धरलं?"

"आँ?"

"वर आला तेव्हा तोंड कसं होतं त्याचं? करून दाखव."

दत्तूने गाल फुगवले. नळी दातांत धरल्यासारखे ओठ घट्ट मिटले. मग म्हणाला, "आसं. काठाला हात लावला, नळी काढली आन् फुस्स करून हवा सोडली. माज्याकडं बघून हसला. म्हनला, दादा, बांधला दोर. आन् तितंच कलंडला. काठावरचा हात सुटला बघा."

"म्हणजे बुडून वर आला नाही. वर येऊन, हसून, मग पडला."

"व्हय. पर मंग बुडाला की."

बाईंनी स्टेथोस्कोपने पाठ, छाती, दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा ऐकल्या. पाण्याचा आवाज नाही म्हणाल्या. मग सुभाषच्या गळ्याच्या खळगीवर बोटं दाबली आणि माझा हात ओढून तिथे ठेवला. कातडीखाली चुरचुर लागत होती, कुरमुऱ्यांची पिशवी दाबावी तशी. कातडीखाली हवा होती. मग बॅटरी लावून डोळ्याच्या आतलं बघायचं उपकरण घेऊन त्या त्याच्या डोळ्यावर कितीतरी वेळ ओणव्या झाल्या.

"दिसतोय का बुडबुडा?" फिजिशियन साहेबांनी विचारलं. त्यांना आता बाईंच्या मनातलं कळलं होतं.

"नाही दिसत."

"मग?"

"दिसला असता तर बरं झालं असतं. दिसला नाही म्हणजे नाही असं नव्हे." बाई सरळ उभ्या राहिल्या. "खाली नळीतून घेतलेली हवा दाबाखालची. वर येताना ती फुगते. सोडत सोडत आला असता तर काही झालं नसतं. यानं दम म्हणजे श्वास धरला, तोंड मिटून आला. फुप्फुसाला ती मावली नाही. फाटून लाल बाजूला शिरली. याला परत दाबाखाली न्यायला हवा, म्हणजे बुडबुडे बारीक होतील आणि विरतील. ऑक्सिजनवर नुसता वॉर्डात ठेवला तर हा हात राहणार नाही, बोलणं राहणार नाही. कदाचित हाच राहणार नाही."

समुद्रात काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला अशी दाबाची खोली होती, हे बाईंना ठाऊक होतं. आम्हाला कोणालाच नव्हतं.

"आरोंदेकर बाई," साहेब म्हणाले, "एका शब्दावरून तुम्ही याला अख्खी मुंबई ओलांडून नेणार? वाटेत गेला तर जबाबदार कोण?"

"मी," बाई म्हणाल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. ते स्वतः ऑपरेटरकडे फोन लावून घ्यायला गेले.

फुप्फुस मिटलेलं नाही एवढं बघायला छातीचा एक फोटो काढला आणि स्ट्रेचर गाडीकडे निघालं. दत्तू अडाणी नव्हता. त्याने सगळं ऐकलं होतं आणि ते त्याच्या आत उतरत गेलेलं मला दिसत होतं. त्याने बाईंच्या कोटाची बाही धरली. "बाई, म्हंजी... मी तसं म्हनलो म्हनून?"

"आत्ता नको," बाई म्हणाल्या. "आत्ता त्याचे पाय उचल."

त्या प्रवासाचं मला फार थोडं आठवतं. गाडीच्या काचांना अर्ध्यापर्यंत पांढरा रंग होता, त्यामुळे वरच्या अर्ध्यात फक्त झाडांचे शेंडे, तारा आणि आभाळ पळत होतं. खाली रस्ता आहे हेच विसरायला व्हायचं. मी मास्क धरून बसले होते. बाईंनी सुभाषची नाडी धरली होती आणि डोळे मिटले होते. दत्तू भावाच्या तळव्यांवर हात ठेवून बसला होता. आम्ही सगळे पाण्याखालून चाललो आहोत आणि वर कुठेतरी दुसरेच लोक रहदारी करतायत, असं मला वाटत राहिलं. बाहेर मुंबई आपापल्या कामाला लागलेली होती.

ती दाबाची खोली म्हणजे आडवी पडलेली लोखंडी टाकी. एका बाजूला जाड दार, अंगावर गोल काचेच्या खिडक्या. तिथले नेहमीचे डॉक्टर त्या दिवशी समुद्रावर गेले होते. यंत्र चालवणारे गृहस्थ जाणकार होते, पण असा पेशंट एकटा आत ठेवता येत नाही, कोणीतरी शिकलेलं माणूस बरोबर हवं आणि त्यांचा डॉक्टर यायला संध्याकाळ होणार होती. सुभाषला मध्येच एक झटका येऊन गेला होता. बाईंनी कोट काढून माझ्या हातात दिला, मनगटावरचं घड्याळ काढून दिलं.

"मॅडम, कान ठीक है?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"ठीक है," बाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं होतं. बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की ते मिटलं. सकाळपासून त्यांचं नाक चोंदलेलं होतं. पडसं असलेल्या माणसाने दाबात जाऊ नये, कानाचा पडदा तिथे टिकत नाही, एवढं मलासुद्धा त्या क्षणी समजत होतं.

दार बसलं. हवा भरण्याचा मोठा आवाज सुरू झाला. मी गोल खिडकीला कपाळ टेकून बघत होते. आत पिवळा दिवा होता. बाई नाक दाबून फुंकर मारत होत्या, गिळत होत्या, पुन्हा नाक दाबत होत्या. आतल्या स्पीकरमधून त्या गृहस्थांनी विचारलं, कान? थांबवू? बाईंचा चेहरा आवळला होता. त्यांनी सुभाषकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, चालू दे. एकदा त्यांचा हात डाव्या कानावर गेला आणि तिथेच राहिला. मग तो खाली आला आणि त्या पुन्हा त्याची नाडी मोजू लागल्या. मी बाहेर रडत होते. मला कोणाचा राग येत होता तेही कळत नव्हतं.

दुपार त्या खिडकीशी गेली. आतले दोघे जाड काचेमागे संथ हलताना दिसायचे, खोल तळ्याच्या तळाशी असल्यासारखे. मध्येच बाईंनी त्याच्या उजव्या तळव्यात आपली दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ काही झालं नाही. मग त्याची बोटं त्यांच्या बोटांवर हळूच मिटली. मग स्पीकरमध्ये खरखर झाली आणि एक चिरका, बारीक आवाज आला. दाबाखाली माणसाचा आवाज तसाच होतो म्हणे.

"पंप निगाला का?"

दत्तू भिंतीशी उकिडवा बसला होता. तो उठून स्पीकरच्या जाळीला तोंड लावून म्हणाला, "खड्ड्यात गेला तुजा पंप." आणि हसायला लागला, आणि मग त्याला ते हसू आवरेना.

वर आणताना हवा कमी करत गेले तसं आत धुकं दाटलं. काही वेळ काचेतून दोघंही दिसेनात. पुन्हा दिसले तेव्हा बाई भिंतीला टेकून वर बघत होत्या. तिथे पंखा नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते. सुभाष चालत घरी गेला. उजव्या हाताची पकड जरा कमी राहिली, पाना धरताना कळायची म्हणे. बोलणं स्वच्छ. बाईंचा डावा कान मात्र गेला तो गेला. कानाच्या डॉक्टरांनी पुष्कळ केलं. मी एकदा त्यांच्यावर चांगलीच उखडले. म्हटलं, पडसं आहे म्हणून का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "त्यानं कान विचारले गं. नाक खंय इचारल्यान?" वर्षभरात त्यांनी कॅज्युअल्टी सोडली आणि मुलांच्या लशींच्या विभागात बदली मागून घेतली. अर्ध्या कानावर इथलं भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिथे सगळे नुसते रडतात, शब्द कोणी बोलत नाही, बरं आहे, म्हणाल्या. मला ते फार लागलं. नंतर बहिणीला घेऊन आरोंद्याला गेल्या. जायच्या दिवशी मी सुट्टीवर होते, भेट झाली नाही.

म्हणून माझ्यापाशी त्यांचं शेवटचं म्हणून जे आहे, ते त्या संध्याकाळचं आहे.

दार उघडलं आणि सुभाषला बाहेर आणून पलंगावर घेतलं. तिथला डॉक्टर एव्हाना आला होता. सुभाषने मान वळवून भावाला शोधलं. दत्तू पुढे गेला नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला, मग आम्हाला गाडीपर्यंत सोडायच्या निमित्ताने बाहेरच आला. भिंतीपलीकडे समुद्र होता आणि सगळ्या अंगणात तांबूस उजेड पडला होता. बाई हळूहळू चालत होत्या. त्यांच्या डाव्या कानात कापूस होता, त्यावर रक्त उतरलं होतं. दत्तू त्यांच्या डाव्या बाजूने चालत होता. मी एक पाऊल मागे, त्यांचा कोट हातावर घेऊन.

"बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आता सुद्दीवर आलाय. उद्या इचारंल मला, दादा, तूच म्हनला हुतास ना. मी काय सांगू त्याला? माज्याच तोंडातनं गेला ना त्यो शब्द? माज्यामुळंच झालं न्हवं समदं?"

बाई काही बोलल्या नाहीत. त्या कानाने त्यांना आता ऐकू येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. आपल्या शेजारी कोणी बोलतंय याचीही त्यांना जाणीव नव्हती. त्या समुद्राच्या दिशेने बघत होत्या आणि उजव्या कानाने लाटा ऐकत असाव्यात; दमलेलं, सुखाचं असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. बाई हसल्या.

दत्तू थांबला. ते हसू तो बघत राहिला. मग त्याने बनियनच्या टोकाने तोंड पुसलं आणि दोन्ही हात जोडले.

"बरं," तो म्हणाला. "मंग जातो त्याच्याजवळ."